ओल कुठून येते, हे आधी पाहावे: मिरा-भाईंदरच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
मिरा-भाईंदर महानगरपालिका, भाईंदर (पश्चिम)

विषय: घोडबंदर किल्ला आणि शहरातल्या इतर जुन्या बांधकामांतली ओल



सिल्व्हर पार्कमधल्या कोणत्याही सोसायटीची वार्षिक सभा घ्या. पार्किंगच्या भांडणाखालोखाल वेळ जातो तो लीकेजवर. एप्रिल उजाडला की वॉटरप्रूफिंगवाल्यांच्या पाट्या खांबाखांबावर दिसू लागतात आणि उपायही पाठ असतो: जुना गिलावा ठोकून काढा, रसायन मिसळलेला सिमेंटचा गिलावा चढवा, वर जलरोधक रंगाचे दोन हात मारा. तीन-चार पावसाळे निभतात. मग पुन्हा सभा, पुन्हा कोटेशने. काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीला हा उपाय बऱ्यापैकी मानवतोही. तिच्यात पाणी येते ते गच्चीतून, बाथरूममधून किंवा बाहेरच्या भेगेतून, आणि तिचा खरा शत्रू म्हणजे आतल्या सळ्यांना चढणारा गंज. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून सळई फुगते आणि काँक्रीटचे तुकडे सुटतात. तिथे पाणी बाहेरच अडवणे शहाणपणाचे.

या पत्राची काळजी वेगळी आहे. सोसायटीच्या भिंतीला जे औषध लागू पडते तेच दगड-चुन्याच्या भिंतीला दिले, तर ती भिंत बरी होत नाही, खंगत जाते. आणि आता अशा भिंती महापालिकेच्या हाती आहेत.

घोडबंदर किल्ला हे राज्य संरक्षित स्मारक. राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली त्याच्या डागडुजीचे आणि संगोपनाचे काम महापालिकेने हाती घेतले, ही चांगली गोष्ट झाली. उल्हास नदी खाडीला मिळते त्या तोंडावरचा हा पोर्तुगीजांचा किल्ला १७३७ च्या साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला आणि पुढे इंग्रजांकडे गेला. तीन राजवटींनी त्यावर आपापल्या परीने बांधले, बदलले, वापरले. त्याखेरीज शहरात आणखी बरेच आहे: भाईंदर पश्चिमेला चौकजवळ जंजिरे धारावीचे अवशेष, काशिमिऱ्याचे सेंट जेरोमचे चर्च, डोंगरीचे बेथलेहेम माउलीचे चर्च, जुन्या गावठाणांतली कौलारू घरे आणि दगडी विहिरी. यातले सगळे काही महापालिकेच्या मालकीचे नाही. पण सगळ्यांच्या पायाखालची जमीन एकच आहे, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

मिरा-भाईंदर हे मिठाचे शहर. आजही विमानातून उतरताना मिठागरांचे चौकोन दिसतात. सिल्व्हर पार्क, शांती नगर, शांती पार्क असली नावे घेऊन इमारती उभ्या राहण्याआधी मिरा रोडच्या मोठ्या भागात मिठागरे, खाजण आणि भातखाचरे होती. जमिनीखालचे पाणी उथळ, त्यात खाडीचा खार आणि वरून जून ते सप्टेंबर बदाबदा पाऊस. भिंतीतल्या ओलीचा विचार करताना आपण पाण्याकडे पाहतो, पण जुन्या भिंतीचा नाश पाण्याइतकाच, बहुतेकदा पाण्याहून जास्त, मिठाने होतो.

ते कसे, हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. वीट, जांभा, चुन्याचा मसाला यांत केसाएवढ्या आणि त्याहून बारीक नळ्यांचे जाळे असते. समईतली वात जसे तेल वर ओढते तसे हे जाळे जमिनीतले पाणी वर ओढते. पाणी किती चढेल हे दोन गोष्टींवर ठरते: खालून किती येते आणि भिंतीच्या पृष्ठभागावरून किती वाळते. या दोन्हींचा मेळ बसतो तिथे ओल थांबते. बहुतेक भिंतींत ती गुडघ्यापासून कमरेपर्यंत, फार तर छातीपर्यंत येते. त्या उंचीवर एक आडवी, मळकट रेघ उमटते. पाणी वाळून हवेत जाते, पण त्यात विरघळलेले क्षार त्या रेघेपाशीच मागे राहतात. वर्षामागून वर्षे तिथे क्षार साठत जातात.

आपल्याकडे म्हणतात, भिंतीला लोणा लागला. पांढरी बुरशी समजून लोक तो झाडूने झटकतात. बाहेर आलेला लोणा फारसा घातक नसतोच, तो दिसतो एवढेच. घातक ठरतो तो आत, पृष्ठभागाच्या मागे, दगडाच्या छिद्रांत स्फटिक धरणारा. सोडियम सल्फेटचे उदाहरण घ्या. कोरडे असताना ते मुकाट पडून असते. पाण्याचे दहा रेणू धरून त्याचे दुसऱ्या स्फटिकात रूपांतर झाले की आकारमान चौपटीच्या आसपास जाते. ही फूग छिद्राच्या आत घडते आणि दगडाला सरकायला जागा नसते. मग पापुद्रे सुटतात, विटेची भुकटी होते, कोपरे गोल होतात.

आणि साधे मीठ? ते या शहराचे खास दुखणे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळते. त्याखाली उतरली की पुन्हा स्फटिक धरते. आपल्या किनाऱ्यावर हा आकडा पावसाळ्यात सतत ओलांडला जातो, आणि इतर महिन्यांतही पहाटे वर, दुपारी खाली अशी ये-जा चालते. म्हणजे पाऊस नसताना, जमिनीतून थेंबही न चढता, भिंतीतले मीठ विरघळते आणि गोठते, विरघळते आणि गोठते. घरमालक म्हणतो, गळती बंद केली तरी भिंत दमटच. भिंत खोटे बोलत नसते. तिच्यात मीठ शिल्लक असते.

जुन्या बांधणाऱ्यांना रसायनशास्त्राची सूत्रे ठाऊक नव्हती, पण ओलीची सवय चांगली ठाऊक होती. देशावरच्या वाड्यांचे जोते काळ्या दगडाचे. बसाल्ट जवळजवळ पाणी पीत नाही. वीट आणि माती त्याच्या वर सुरू होते. लाकडी खांब जमिनीला थेट टेकत नाही, त्याच्याखाली दगडी तळखडा असतो. कोकणात छपराची वळचण भिंतीपासून हातभर पुढे काढतात, म्हणजे पागोळ्या पायात पडत नाहीत, आणि पश्चिमेच्या झडीची भिंत पावसाआधी झापांनी झाकतात. किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज कामांत शिंपले भाजून केलेला चुना आहे. चुन्याचा गिलावा पाणी थोडे पितो आणि सवडीने सोडून देतो. क्षार त्याच्यात साठतात, तो झिजतो, पडतो. मग नवा चढवायचा. दगड वाचतो. दर काही वर्षांनी चुना काढण्याची जी चाल होती ती नुसती सणासुदीची हौस नव्हती.

इथे सिमेंट येते. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि पुढच्या शतकाभरात जगातल्या बहुतेक गवंड्यांच्या हातून चुना सुटला. नव्या बांधकामासाठी तो बदल सोयीचा होता. पण जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की वाळण्याची वाट बंद होते. खालून येणारे पाणी तेवढेच, बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ओल आणखी वर चढते. गिलावा जिथे संपतो तिथे, त्याच्या डोक्यावर, नवी रेघ उमटते. दर्जा सिमेंटने भरल्या तर आणखी एक घोळ. मसाला दगडापेक्षा कडक झाला, मग पाणी आणि क्षार मसाल्यातून बाहेर न पडता दगडातून पडतात. काही वर्षांनी दिसते काय, तर सिमेंटच्या दर्जांचे जाळे जागच्या जागी आणि मधला दगड खोबणीत गेलेला. शिवाय सिमेंट स्वतःचे काही विद्राव्य क्षार भिंतीला देते ते वेगळेच. अशा भिंती पाहायला लांब जावे लागत नाही, या किनाऱ्यावरच्या हव्या त्या जुन्या गावात एखादी सापडते.

मात्र याचा उलटा अर्थ काढून कुणी सगळाच गिलावा खरवडायला निघाले, तर तेही तितकेच महागात पडते. याचे उदाहरण गोव्यात आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या खाडीपलीकडून जातो. जुन्या गोव्याची बॉम जेझूची बॅसिलिका १५९४ मध्ये सुरू झाली, १६०५ मध्ये तिचा अभिषेक झाला. दर्शनी बाजूच्या कोरीव कामाचा काळा दगड वसईहून नेलेला. उरलेली इमारत मुख्यतः जांभ्याची, वरून चुन्याचा गिलावा. १९५० च्या दशकात पोर्तुगीज प्रशासनाने वास्तुरचनाकार बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो गिलावा उतरवला, कारण तांबडा दगड उघडा दिसला तर इमारतीचा जुनेपणा उठून दिसेल असा विचार होता. पर्यटकांना तो तांबडा रंग आवडला, इतका की आज बहुतेकांना वाटते ती मुळातच तशी होती. पण जांभा सच्छिद्र असतो आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. गेल्या काही वर्षांत बॅसिलिकेच्या रेक्टरांनी जाहीरपणे मागणी लावून धरली की गिलावा परत करा, दगड झिजतो आहे. १९८६ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या इमारतीचे रूप बदलायचे की नाही, यावर वाद रंगला. सौंदर्यदृष्टीने दोन्ही बाजूंना म्हणणे मांडता येईल. पावसाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न फारसा अवघड नाही.

घोडबंदरचा संबंध इथे येतो. पडक्या किल्ल्याचा दगड उघडा असला की तो छान दिसतो, छायाचित्रात तर फारच. पण ज्या भिंतीवर मुळात गिलावा होता तिचे उरलेले तुकडे ‘स्वच्छता’ म्हणून काढून टाकणे म्हणजे बॉम जेझूची पुनरावृत्ती. आणि जिथे गिलावा नव्हताच तिथे नवा चढवणे ही दुसरी चूक. कुठे काय होते हे भिंत वाचून ठरते. ते काम संवर्धनतज्ज्ञाचे आहे, रंगारी मुकादमाचे नव्हे.

जरा दूरचे एक शहर. व्हेनिसच्या बांधणाऱ्यांनी इमारतींच्या तळाला इस्ट्रियाचा घट्ट पांढरा दगड घातला, वर वीट. आपल्या वाड्यांच्या काळ्या जोत्यासारखीच युक्ती, समुद्राला उद्देशून केलेली. शतकानुशतके तिने काम केले. पण जमीन खचली, समुद्र चढला आणि भरतीचे पाणी आता पुष्कळदा त्या दगडाच्या वर, थेट विटेला लागते. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री तिथे पाणी १८७ सेंटिमीटरवर गेले आणि सेंट मार्कच्या बॅसिलिकेत शिरले. पाणी काही तासांत उतरले. मीठ उतरले नाही. २०२० पासून शहराने समुद्राच्या तोंडाशी वर उठणारे बांध उभारून भरती अडवायला सुरुवात केली. तरी विटेत जिरलेल्या मिठाचा हिशोब चुकता व्हायचाच आहे.

व्हेनिसमध्ये समुद्र जोत्याच्या वर आला. मिरा-भाईंदरमध्ये रस्ता जोत्याच्या वर येतो. जुन्या सोसायट्यांचे तळमजले रस्त्यापेक्षा खाली गेलेले सगळ्यांनी पाहिले आहेत. डांबरावर डांबर, मग त्यावर काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक. जुन्या विहिरीच्या, चर्चच्या किंवा गावठाणातल्या घराच्या अंगाला हेच झाले की दोन गोष्टी घडतात. बांधणाऱ्याने जमिनीच्या वर ठेवलेले जोते जमिनीच्या आत जाते आणि ओल रोखण्याचे त्याचे काम संपते. शिवाय भोवतालची उघडी माती झाकली गेली, म्हणून तिच्यातून वर येणारी वाफ उरलेली एकच वाट धरते, ती म्हणजे भिंत. महापालिकेच्या बांधकाम विभागाला एवढी एक सूचना द्यावी: जुन्या भिंतीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पक्के आच्छादन नको, तिथे खडी आणि पाण्याला बाहेरचा उतार असावा. एकाही नव्या यंत्राची गरज नाही.

ब्रिटनमध्ये जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर अनेक वर्षे एक मजेदार वाद चालू आहे. तिथे भिंतीला भोके पाडून रसायन भरणारा मोठा धंदा आहे. जेफ हॉवेल या गवंड्याने, जो पुढे बांधकाम विषयाचा अध्यापक झाला, २००८ मध्ये ‘द रायझिंग डॅम्प मिथ’ नावाचे पुस्तक काढून या धंद्याच्या मुळावरच घाव घातला. त्याचे म्हणणे टोकाचे आहे. या विषयातले सगळेच जाणकार ते मान्य करत नाहीत, आणि खाजणावर उभ्या असलेल्या शहराने तर अजिबात मान्य करू नये. पण त्याचे निम्मे म्हणणे खरे आहे: ज्याला जमिनीतून चढलेली ओल म्हणून औषध दिले जाते ती पुष्कळदा फुटक्या पन्हळीची, तुंबलेल्या गटाराची, भिंतीला लावलेल्या मातीच्या ढिगाची किंवा गळक्या नळाची असते. लाकडासाठी बनवलेले दोन टोकांचे विजेरी मीटर भिंतीला लावले की क्षारांमुळेच आकडा वर जातो आणि विक्रेता खूश होतो. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या सर्वेक्षकांची संस्था, हिस्टॉरिक इंग्लंड आणि ओलीवर इलाज करणाऱ्या धंद्याची स्वतःची संस्था, प्रॉपर्टी केअर असोसिएशन, अशा तिघांनी मिळून तपासणीची एक सामाईक पद्धत ठरवली. तिचा गाभा म्हणजे उपायाआधी निदान, आणि निदान म्हणजे पूर्ण इमारत पाहणे. यात नवे काय, असे कुणी विचारेल. नवे एवढेच की ते लिहून ठेवावे लागले.

घोडबंदरला हे लावून पाहू. पडक्या, छप्पर नसलेल्या भिंतीत सर्वात जास्त पाणी खालून नव्हे, वरून येते. भिंतीचा माथा उघडा असतो, आतला भराव दगडगोट्यांचा आणि चुन्याचा, आणि पावसाळ्याचे चार महिने पाणी थेट पोटात उतरते. तिथेच पिंपळ आणि उंबर रुजतात, पक्ष्यांच्या कृपेने. मूळ फटीत शिरते, फट रुंदावते, पुढच्या वर्षी आणखी पाणी. म्हणून पहिला खर्च माथ्यावर हवा: चुन्याच्या मसाल्यात उताराने बांधलेला माथा, पाणी दोन्हीकडे निथळेल असा. झाडे नुसती छाटून उपयोग नाही, मुळासकट जायला हवीत, आणि ती उपटताना भिंत हलणार नाही एवढा धीर हवा. दरवर्षी मे महिन्यात रोपे बोटभर असतानाच काढली तर एका माळ्याच्या पगारात हे काम होते.

आणि माळ्याचे नाव निघालेच तर हिरवळीबद्दल बोलले पाहिजे. आपल्याकडे स्मारकाचे सुशोभीकरण म्हणजे हिरवळ, कारंजे, रोषणाई असे समीकरण बसले आहे. लोकांना ते आवडते, मुले खेळतात, निवडून आलेल्यांना उद्घाटनाला काही तरी लागते. हे सगळे समजण्यासारखे आहे. पण भिंतीला लागून लावलेली हिरवळ म्हणजे डिसेंबर ते मे या वाळण्याच्या हंगामात भिंतीच्या पायात रोज सोडलेले पाणी. बोअरवेलचे पाणी असेल तर खारटसुद्धा. हिरवळ असू द्या, भिंतीपासून लांब असू द्या. दिव्यांच्या तारांसाठी दगडात खाचा पाडून त्या सिमेंटने बुजवणे हाही असाच, छोटा दिसणारा आणि न पुसता येणारा अपराध.

निदानाचे साधन साधे आहे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर भिंतीच्या मसाल्यातून चिमूटभर भुकटी काढायची, वजन करायचे, भट्टीत वाळवायची, पुन्हा वजन करायचे. फरक म्हणजे ओल. हीच भुकटी दमट हवेत ठेवून ती किती पाणी ओढते हे पाहिले की क्षारांचा अंदाज येतो. जमिनीपासून वर वर जाताना आकडे कसे बदलतात यावरून कळते की पाणी खालून येते, वरून येते की भिंतीतले मीठच ते हवेतून ओढते. संरक्षित स्मारकात हे करायला पुरातत्त्व विभागाची परवानगी लागेल, आणि राज्याच्या प्राचीन स्मारकांविषयीच्या १९६० च्या कायद्याचा हेतू पाहता ती लागायलाच हवी. एका पावसाळ्याआधी आणि एका पावसाळ्यानंतर नोंदी घेतल्या तर पुढच्या दहा वर्षांच्या खर्चाला दिशा मिळते. तीस वर्षांपुढच्या इमारतींना कायद्याने संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते, सिल्व्हर पार्कच्या आसपासच्या कितीतरी सोसायट्या आता त्या वयात आल्या आहेत. तीस वर्षांच्या इमारतीचा कागद मागणाऱ्या महापालिकेने तीनशे वर्षांपुढच्या भिंतीचा कागद ठेवावा, हे मागणे जास्तीचे नाही.

क्षार काढण्याच्या पद्धतीही आहेत. कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून भिंतीवर लेप द्यायचा, तो वाळताना क्षार बाहेर ओढून घेतो, मग काढून टाकायचा, पुन्हा लावायचा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा हे तंत्र वापरते. पण पाण्याची वाट बंद केल्याशिवाय लेप देणे म्हणजे नुसते बिल काढणे.

आता खरी अडचण, जी भिंतीत नाही, फायलीत आहे. महापालिकेचे अंदाजपत्रक दरसूचीवर बसते. दरसूचीत सिमेंटच्या गिलाव्याचा दर चौरस मीटरला ठरलेला असतो, माणूस मिळतो, काम मोजून देता येते. चुन्याचे तसे नाही. कळीचा चुना विरवून आठवडे मुरवावा लागतो, घाण्यात मळावा लागतो, थर पातळ द्यावे लागतात, प्रत्येक थर ओला राखून सावकाश घट्ट होऊ द्यावा लागतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि हवा घाई करत नाही. भर पावसात हे काम होत नाही. हंगाम मिळतो तो ऑक्टोबर ते मे. आणि सरकारी वर्ष संपते ३१ मार्चला. निविदा डिसेंबरात, कार्यादेश जानेवारीत, देयक मार्चअखेर, असा बेत ठरला की ठेकेदार चुन्यात सिमेंट मिसळतोच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तारखेने त्याला तसे करायला लावलेले असते. वरून रंग पांढराच असतो, त्यामुळे मोजमाप घेणाऱ्या अभियंत्यालाही कळणे कठीण.

वाळण्याचा हिशोब तर त्याहून लांब. जाड भिंतींबाबत एक ठोकताळा सांगतात: दर इंचाला सुमारे एक महिना. दोन फुटांची भिंत पाणी थांबवल्यावर वाळायला दोन वर्षे घेईल, आणि आपल्याकडे मधल्या पावसाळ्यांमुळे आणखी. म्हणजे एका अंदाजपत्रकी वर्षात ना ओल जाईल ना यश दिसेल. ज्या अधिकाऱ्याने सुरुवात केली त्याची बदली झालेली असेल. म्हणूनच हे काम व्यक्तीच्या नव्हे, कागदाच्या भरवशावर उभे राहायला हवे.

पुणे महापालिकेने आपल्या बांधकाम विभागात वारशासाठी स्वतंत्र कक्ष ठेवला. विश्रामबागवाड्यासारखी कामे त्याच्यामार्फत होतात. त्या कक्षाच्या प्रत्येक निर्णयाशी सहमत होण्याची गरज नाही, पण महापालिकेच्या आत चुना, लाकूड आणि दगड समजणारा अभियंता असतो तेव्हा निविदेची भाषा बदलते. मिरा-भाईंदर २००२ मध्ये महानगरपालिका झाली, पुण्याएवढा वारसा तिच्याकडे नाही. तिला संपूर्ण कक्ष नको. एक प्रशिक्षित कनिष्ठ अभियंता आणि इंटॅकसारख्या, १९८४ पासून हेच काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला इतके पुरे.

गावठाणांतल्या खासगी घरांचा प्रश्न नाजूक आहे. तिथल्या ईस्ट इंडियन आणि आगरी-कोळी कुटुंबांनी आपली घरे स्वतःच्या खर्चाने टिकवली, कुणी वारसा म्हणून गौरवले नाही तरी. त्यांना वारशाच्या नावाखाली नवे नियम दाखवले तर घर पाडून चार मजले चढवण्याची घाई वाढेल. त्यांना हवी असेल ती माहिती द्यावी: चुना कुठे मिळतो, कोण गवंडी हे काम जाणतो, जोत्याशी पेव्हर ब्लॉक का नको. मराठीतले दोन पानी पत्रक प्रभाग कार्यालयात ठेवले तरी चालेल. चर्चच्या इमारती त्यांच्या त्यांच्या धर्मग्रामाच्या ताब्यात आहेत, तिथला निर्णय तिथलाच. मात्र त्यांच्या दारातला रस्ता आणि गटार महापालिकेचे आहे.

तेव्हा माननीय आयुक्तांकडे मागणी अशी. घोडबंदरच्या पुढच्या कोणत्याही निविदेत सिमेंटचा गिलावा, सिमेंटच्या दर्जा आणि जलरोधक रंग स्पष्ट शब्दांत वगळावेत. कामाची मुदत ऑक्टोबर ते मे अशी दोन हंगामांची ठेवावी आणि देयक मार्चअखेरीला नव्हे, चुन्याच्या थरांच्या चाचणीला जोडावे. दोषदायित्वाच्या काळात निदान दोन पावसाळे यावेत. भिंतीच्या माथ्याचे काम सुशोभीकरणाआधी व्हावे. ओलाव्याच्या नोंदी, पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवून एक प्रत महापालिकेच्या ग्रंथालयात लोकांसाठी ठेवावी.

यंदाच्या पावसाआधीची पहिली नोंद घ्यायची तर परवानगीचा अर्ज फेब्रुवारीच्या आत जायला हवा. कोणत्या विभागाने तो करायचा, उद्यान, बांधकाम की मालमत्ता, हे आपल्या कार्यालयाने ठरवून कळवावे.

आपल्या शहराचा एक करदाता,
सिल्व्हर पार्क, मिरा रोड (पूर्व)